एक अपडेट फसलं आणि बोर्डिंग पास पेनाने लिहावे लागले. डिजिटल विमानतळ नेमके अडतात कुठे?

१९ जुलै २०२४ ला सोशल मीडियावर एक फोटो तुफान व्हायरल झाला. इंडिगोचा बोर्डिंग पास, पण चक्क पेनाने लिहिलेला. त्या दिवशी विमानं धडधाकट होती, पायलट हजर होते, हवामानाचीही अडचण नव्हती. तरी देशभरात विमानं रखडली होती.

कारण होतं क्राउडस्ट्राइक या अमेरिकन सायबर सुरक्षा कंपनीचं एक सदोष अपडेट. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार त्यामुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले.

चेक-इन बंद पडलं तर विमान का थांबतं?

तुम्ही चेक-इन करता तेव्हा फक्त सीट मिळत नाही. किती प्रवासी, किती बॅगा, कोण कुठे बसलंय ही माहिती पुढे जाते. त्यावरून विमानाचं वजन आणि तोल ठरतो, इंधनाचा हिशोब जुळवला जातो. त्याच वेळी कोणता पायलट कुठे आहे, त्याचे ड्युटीचे तास किती उरलेत हे दुसरी सिस्टीम पाहते. फ्लाइट प्लॅन एअर ट्रॅफिक कंट्रोलकडे जातो. साखळीतली एक कडी तुटली की मागचं सगळं अडतं.

मग हे जोडलंच कशाला?

कारण फायदे खरे आहेत. इंजिनातले सेन्सर सतत माहिती देतात, त्यामुळे बिघाडाची लक्षणं आधीच कळतात. २०१४ मध्ये मलेशिया एअरलाइन्सचं एमएच३७० बेपत्ता झालं. त्यानंतर समुद्रावरून उडणाऱ्या मोठ्या विमानांचं ठिकाण दर १५ मिनिटांनी कळलंच पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आला. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये डिजियात्रा सुरू झालं आणि चेहरा दाखवून आत जाता येऊ लागलं.

धोका कुठे आहे?

अनेक विमानतळ आणि कंपन्या एकाच पुरवठादाराच्या सॉफ्टवेअरवर चालतात. सप्टेंबर २०२५ मध्ये कॉलिन्स एरोस्पेसच्या चेक-इन सॉफ्टवेअरवर सायबर हल्ला झाला आणि लंडनचं हीथ्रो, ब्रसेल्स, बर्लिन हे तिन्ही विमानतळ एकाच वेळी अडचणीत आले.

नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीत तर हल्ला न होताही हेच घडलं. फ्लाइट प्लॅनचे संदेश पोहोचवणारी यंत्रणा बिघडली. कंट्रोलर्सना ते काम हाताने करावं लागलं आणि ८०० हून जास्त विमानांना उशीर झाला.

खरा फरक पडतो तो इथे

क्राउडस्ट्राइकचा फटका अमेरिकेतल्या बऱ्याच विमान कंपन्यांना बसला. बाकीच्या लवकर सावरल्या. डेल्टाची मात्र कर्मचाऱ्यांच्या ड्युट्या लावणारी सिस्टीम ताळ्यावर येईना आणि पाच दिवसांत सुमारे ७,००० फ्लाइट्स रद्द झाल्या. बिघाड एकच, पण नुकसान वेगवेगळं. म्हणजे सिस्टीम बंद पडणार की नाही, एवढाच प्रश्न नाही. ती बंद पडल्यावर काम कसं चालवायचं, याची तयारी कोणी किती केली आहे, हा खरा प्रश्न आहे.

ही तयारी जाहिरातीत दिसत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली. तिथे काय काय डिजिटल आहे हे आपल्याला सांगितलं जातं. ते बंद पडलं तर पर्याय काय, हेही विचारायला हवं.

तुमच्या हातात काय?

बोर्डिंग पास आधीच डाउनलोड करून ठेवा, स्क्रीनशॉट घ्या आणि ओळखपत्र सोबत असू द्या. फ्लाइट रद्द झाली तर डीजीसीएच्या नियमांनुसार पर्यायी फ्लाइट किंवा रिफंड मागता येतो. कारण कंपनीच्या हाताबाहेरचं असेल तर वेगळी भरपाई मिळेलच असं नाही, पण तिकिटाचे पैसे तुमचेच आहेत.