किडे मारणारे दिवे आणि घरची स्वच्छता

अलीकडे आमच्या शेतकरी बंधूंच्या ओटीवर व गोठ्यांत किडे मारणारे निळे विजेचे दिवे दिसूं लागले आहेत. असा दिवा बंद पडला म्हणजे तो दुरुस्त करावा कीं नवा घ्यावा, असा प्रश्न पडतो. परंतु त्याआधीं दुसरा प्रश्न विचारावा, असें आम्हांस वाटतें: हा दिवा मारतो तरी कोणाला?

अमेरिकेंतील डेलावेअर राज्यांत १९९४ च्या उन्हाळ्यांत सहा घरांजवळ असे दिवे लावून मेलेले किडे मोजण्यांत आले. एकूण १३,७८९ किड्यांत चावणारे अवघे ३१ निघाले. उलट, इतर किड्यांवर जगणारे, म्हणजे शेतकऱ्याचे मित्रच, असे १,८६८ बळी गेले. यांत नवल नाहीं. डासाची मादी माणसाला शोधते ती श्वासांतील वायु, अंगाची ऊब व घामाचा वास यांवरून. डेंग्यूचा डास तर दिवसां चावतो. पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे धरण्यासाठीं सायंकाळीं थोडा वेळ शेतांत प्रकाशसापळा लावणें वेगळें आणि ओटीवर रात्रभर दिवा जाळणें वेगळें.

तथापि घरांत असलेला दिवा टाकून द्यावा, असें आमचें म्हणणें नाहीं. बंद खोलींत माशांसाठीं त्याचा उपयोग होतो. जाळीच्या तारांत किडे अडकून काम थांबलें असल्यास प्लग काढून, कांहीं वेळ जाऊं देऊन, कोरड्या कुंचल्यानें ते झाडावे. नळी निळी दिसत असली तरी तिच्यांतील अतिनील किरण कालांतरानें घटतात. तेव्हां ती बदलावी. मात्र प्लग काढल्यावरहि आंतील कपॅसिटरमध्यें वीज साठून राहते. म्हणून पेटी उघडण्याचें काम जाणत्या वायरमनाकडेच द्यावें. चुलीवर किंवा उघड्या अन्नावर दिवा टांगूं नये. फुटलेल्या किड्यांचे कण खालीं पडतात.

खरा उपाय फुकटचा आहे. डास पाण्यांत वाढतो व उष्ण हवेंत सुमारें आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणून आठवड्यांतील एक वार ठरवून रांजण, पिंपें व गुरांची डोण रिकामी करून, घासून कोरडी करावी. कारण अंडीं भांड्याच्या कडांना चिकटून राहतात. फुटकीं मडकीं व जुने टायर पावसांत पडूं देऊं नयेत. जें पाणी काढतां येत नाहीं त्या हौदांत गप्पी मासे सोडावे. माशी शेणांत व उकिरड्यांत वाढते. शेण खड्ड्यांत टाकून मातीनें झांकल्यास माशी हटते आणि खतहि चांगलें होतें.

मात्र एका घरानें हें करून भागणार नाहीं. शेजाऱ्याच्या पिंपांतला डास कुंपण मानीत नाहीं. ऐन सुगींत घरचा एक माणूस तापानें पडला, तर दिव्याच्या किंमतीहून कितीतरी अधिक नुकसान होतें. यास्तव प्रत्येक गांवच्या सभासदांनीं एकत्र बसून कोरडा दिवस ठरवावा व तो सणाप्रमाणें पाळावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.