परदेशी उकिरडा आपल्या शिवारात नको



आपल्याकडे उकिरडा म्हणजे घरची ठेव. शेण, पालापाचोळा, राख त्यात कुजते आणि पावसाळ्याआधी शेतात जाते. पण जो कचरा कुजत नाही, त्याचे काय करावयाचे? श्रीमंत देशांत त्याची नीट विल्हेवाट लावायची तर कायदा कडक आणि खर्च भारी. म्हणून तो बोटीत भरून गरीब देशांकडे धाडला जातो. इथे मजुरी स्वस्त आणि देखरेख ढिली. वाटेत त्याचे नाव बदलते आणि कचऱ्याचा 'माल' होतो.

हे लांबचे नाही. न्हावा शेवा बंदरात वंगणाचे तेल म्हणून कंटेनर आले. तपासणीत ते घातक टाकाऊ तेल निघाले. अखेर जानेवारी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे १३३ कंटेनर तेल भट्टीत जाळून नष्ट करण्याचा आदेश दिला, तोही आयात करणाऱ्यांच्या खर्चाने.

दुसरे उदाहरण आपल्यासारख्याच शेतकरी गावांचे. कोलम तांदळाचा वाडा तालुका तुम्हांला ठाऊक आहे. तिथे जुने टायर बंद भट्टीत तापवून तेल काढणारे कारखाने निघाले. जानेवारी २०२५ मध्ये त्यांतल्या एकात स्फोट झाला. दोन स्त्रिया आणि दोन मुले दगावली. तिथे युरोपातून आलेले टायर वापरले जात होते. आसपासच्या लोकांची खोकल्याची आणि डोळ्यांची तक्रार होती. झाडांवर काजळी, ओढ्याचे पाणी खराब. वास्तविक अशा तेलासाठी परदेशी टायर आणण्यास २०२२ पासून आपल्या देशात बंदी आहे.

कायदा नाही असे नाही. १९८९ साली बाझल येथे जागतिक करार झाला. घेणाऱ्या देशाच्या संमतीवाचून घातक कचरा पाठवू नये, असे तो सांगतो. भारत त्यात १९९२ पासून आहे. परंतु कागदावरचा कायदा गावच्या वेशीवर उभा राहत नाही. तिथे आपणच उभे राहावे लागते.

जुन्नर-आंबेगावच्या मंडळींनी एवढे करावे:

एक, पडीक जमीन चढ्या भाड्याने मागून कोणी कारखाना घालतो म्हणाला, तर ग्रामसभेत विचारा: कच्चा माल कोणता? तो येतो कोठून? राख आणि सांडपाणी जाणार कोठे? प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र पाहिल्याशिवाय होकार देऊ नका. कुकडी, मीना, घोड यांचे पाणी एकदा नासले तर विहिरीही नासतील.

दोन, थंडीत द्राक्षबागेत शेकोटी करताना टायर जाळू नका. धुरातली काजळी पानांवर आणि घडांवर बसते, शिवाय आपल्या छातीतही जाते. त्याऐवजी ओलसर पालापाचोळा, काडीकचरा वापरा.

तीन, टोमॅटो निघाल्यावर मल्चिंगचा कागद नांगराखाली गाडू नका, बांधावर पेटवू नका, ओढ्यात तर मुळीच टाकू नका. नांगरटीआधी तो गोळा करा, माती झटका, वाळवा आणि गठ्ठा बांधून भंगारवाल्याला द्या. फार पातळ कागदाचे तुकडे होतात आणि ते वेचता येत नाहीत. म्हणून घेतानाच जाड घ्या.

आपला कागद ओढ्याने खालच्या गावाला गेला, तर आपणही त्या श्रीमंत देशांसारखेच वागलो. दुसऱ्याचा कचरा नाकारायचा असेल, तर आधी आपला सांभाळला पाहिजे.