शेतरस्त्याचा वाद: अडवणारा चुकतो, पण जाणाराही दरवेळी बरोबर नसतो

तोड मिळाली, टोळी फडात उतरली, कोयते चालू झाले. ट्रॅक्टर मात्र डांबरी रस्त्यावरच उभा. कारण पुढं बांधावर बाभळीच्या फांद्या आडव्या पडल्यात आणि फांद्यांच्या पलीकडं शेजारी हाताची घडी घालून उभा आहे. मग फोन सुरू होतात. सरपंचाला, पोलीस पाटलाला, तलाठ्याला, कारखान्याच्या चिटबॉयला. दुपारपर्यंत काही होत नाही. शेवटी मोळ्या डोक्यावरून वाहायचं ठरतं. त्याचे टोळीला पैसे वेगळे, ड्रायव्हरची एन्ट्री वेगळी, आणि तुटून पडलेल्या उसाचं वजन रोज घटतंय ते वेगळं.

ऊसपट्ट्यातल्या कुठल्याही गावात हंगामात एखादा तरी असा तमाशा होतो. कापसाच्या, सोयाबीनच्या भागात हार्वेस्टर किंवा मळणी यंत्र आत न्यायच्या वेळी हेच. वाद एकच: शेतात जायला वाट कुणाच्या रानातून?

अशा वेळी गावात लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, ‘वाट अडवणारा माणूसच आडमुठा.’ दुसरी म्हणते, ‘स्वतःच्या मालकीच्या जमिनीत त्यानं काय करावं, हे तुम्ही कोण सांगणार?’ दोन्हीत थोडं थोडं खरं आहे, म्हणून तर हा वाद मिटत नाही.

आधी हे भांडण आलं कुठून ते बघू. महाराष्ट्रात १९७०-७१ च्या कृषी गणनेत सुमारे ५० लाख खातेदार होते आणि सरासरी जमीन ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ च्या गणनेत खातेदार झाले सुमारे १ कोटी ५३ लाख आणि सरासरी जमीन उरली १.३४ हेक्टर. म्हणजे एका रानाची तीन-चार रानं झाली. आज्याच्या वेळी एका गट नंबराला एक वाट पुरायची. आता त्याच गटात चार चुलत भाऊ, आणि डांबरीला लागून तुकडा एकाचाच.

वाटणीच्या वेळी काय झालं ते आठवा. गुंठ्यागुंठ्यानं जमीन मोजली. विहिरीच्या पाळ्या लिहिल्या, आंब्याची झाडं वाटली, काही घरांत गोठ्याचे पत्रेसुद्धा मोजून घेतले. रस्ता मात्र कुणी लिहिला नाही. ‘घरातलेच तर आहेत सगळे, रस्त्याला काय कागद करायचा?’ असं वडीलधारी म्हणाली, आणि त्या वेळी ते खोटंही नव्हतं. बैलगाडी जाईल एवढी चाकोरी होती. तात्या समोर दिसले की गाडीवरनं हाक मारायची, ‘तात्या, जाऊ का?’ तात्या हात हलवायचे. झाला करार.

पुढं दोन गोष्टी बदलल्या. बैलगाडी जाऊन ट्रॅक्टर-ट्रॉली आली, जेसीबी आला, हार्वेस्टर आला. चाकोरीत मावणारी वाट दहा-बारा फूट मागू लागली. आणि दुसरं म्हणजे ‘तात्या, जाऊ का?’ हे विचारणं बंद झालं. पहिल्या बदलावर सगळे बोलतात, दुसऱ्यावर कुणी बोलत नाही. मला मात्र निम्मी भांडणं या दुसऱ्या बदलातून उठलेली दिसतात.

वाट देणाऱ्याच्या जागी एकदा उभं राहून बघा. शंभर मीटर लांब आणि तीन मीटर रुंद रस्ता म्हणजे ३०० चौरस मीटर, साधारण तीन गुंठे. एकरी ४० टनाचा उतारा धरला तर गुंठ्याला एक टन ऊस. तीन गुंठ्यांचे तीन टन, आणि टनाला तीन हजार धरले तर वर्षाला नऊ हजार रुपये. खर्च वजा केला तरी दरवर्षीचं नुकसान आहे ते. दोन एकरवाल्याला ही रक्कम लहान नाही. त्यात मागचे चौघं त्याच्या रानातून जाणार, पावसात ओल्यात ट्रॅक्टर घालणार, चाकं रुतली की बाजूच्या उभ्या पिकातून काढणार, ठिबकच्या नळ्या चिरडणार आणि वर म्हणणार, ‘हिथनं आमची पिढ्यान्‌पिढ्या वाट हाय.’ त्याला कुणी साधं ‘दादा, नळ्या तुटल्या, उद्या जोडून देतो’ म्हणत नाही. अशा माणसानं एक दिवस बाभळीच्या फांद्या टाकल्या तर त्याला आडमुठा म्हणून मोकळं होणं बरोबर नाही.

पण हेही तितकंच स्पष्ट सांगितलं पाहिजे की ऐन हंगामात वाट अडवणं हा अन्याय आहे. राग नळ्यांचा असेल तर तो जून-जुलैत बोलून दाखवायला हवा होता. टोळी फडात उतरल्यावर, समोरचा सगळ्यात अडचणीत असताना फांद्या टाकणं म्हणजे वर्षाच्या पिकाला ओलीस धरणं झालं. काही ठिकाणी रागाचं मूळ रस्त्यात नसतंच. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत मत दिलं नाही, लग्नात मानपान राहिला, बहिणीनं हक्कसोड करून दिलं नाही, आणि या सगळ्याचा हिशोब बांधावर चुकता होतो.

आता कायदा काय म्हणतो? तहसील कार्यालयात या वादासाठी दोन वेगवेगळे दरवाजे आहेत आणि लोक नेहमी चुकीचा ठोठावतात.

रस्ता नाहीच, नवीन हवाय, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चं कलम १४३. यात दुसऱ्याच्या हद्दीवरून, म्हणजे बांधावरून, जाण्याचा हक्क तहसीलदार चौकशी करून ठरवतात. शेतात जायला वाजवी वाट मिळते का, ही शेतकऱ्याची गरज त्यांना बघावी लागते. हद्दीवरून हा शब्द ध्यानात ठेवा. रानाच्या मधोमध नांगर फिरवल्यासारखा रस्ता मागायची ही तरतूद नव्हे. तहसीलदारांचा निर्णय मान्य नसेल तर एक वर्षाच्या आत दिवाणी न्यायालयात जाता येतं.

रस्ता होता, वापरात होता आणि कुणीतरी अडवला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५. यात अडथळा काढून टाकायचा आदेश तहसीलदार देऊ शकतात. पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल झाला पाहिजे. गोम इथंच आहे. जो माणूस भांडण वाढायला नको म्हणून गप्प बसतो, ‘दिवाळीला भाऊ आला की बोलू, यात्रेला पाव्हणे जमले की मिटवू’ असं म्हणतो, त्याचेच सहा महिने निघून जातात. समजूतदारपणाची शिक्षा समजूतदारालाच. म्हणून बोलणी चालू ठेवा, पण अडवल्याची तारीख लिहून ठेवा आणि मुदतीच्या आत अर्ज द्या. अर्ज दिल्यावरही तडजोड होते.

वाट देणाऱ्यांच्या मनात एक वेगळी भीती असते: ‘आज माणुसकीनं जाऊ दिलं तर उद्या हक्क सांगतील.’ ही भीती अगदीच बिनबुडाची नाही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ प्रमाणे एखादी वाट २० वर्षं उघडपणे, विनाखंड आणि हक्कानं वापरली तर तो वहिवाटीचा हक्क ठरू शकतो. पण ‘हक्कानं’ या शब्दाला इथं वजन आहे. परवानगी मागून, दुसऱ्याच्या मर्जीनं केलेला वापर हा हक्कानं केलेला वापर धरला जात नाही. म्हणजे बघा, ‘तात्या, जाऊ का?’ हा नुसता शिष्टाचार नव्हता. विचारण्यानं तात्यांची मालकी शाबूत राहत होती आणि म्हणूनच तात्यांना हात हलवायला जड जात नव्हतं. विचारणं बंद झालं तसा प्रत्येक ट्रॅक्टर त्यांना अतिक्रमण वाटायला लागला.

(परवानगीनं जाऊ दिलं असेल तर एका साध्या कागदावर तसं लिहून दोघांच्या सह्या ठेवाव्यात. देणाऱ्याला धास्ती नाही, घेणाऱ्याला फांद्यांची भीती नाही.)

मे २०२५ मध्ये राज्य सरकारनं शासन निर्णय काढला. शेतरस्ते शक्यतो तीन ते चार मीटर रुंदीचे असावेत आणि मंजूर रस्त्याची नोंद सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात व्हावी, असं त्यात आहे. नोंदीची तरतूद फार कामाची आहे. पूर्वी आदेश व्हायचा, फाईल तहसीलमध्ये पडायची, जमीन विकली जायची आणि नवा मालक म्हणायचा, ‘मला कुठं माहिती?’ आता सातबारा काढला की रस्ता दिसेल. तुम्ही जमीन घेणार असाल तर ‘इतर हक्क’ आधी वाचा. आणि गाव नकाशा बघायला विसरू नका. नकाशावर तुटक रेषांनी पाऊलवाट आणि गाडीमार्ग दाखवलेले असतात. पुष्कळ भांडणांतली वाट नकाशावर आधीच असते, फक्त दोन्ही बाजूंनी नांगरत नांगरत गिळलेली असते. बांध कोरायची सवय कुणाला नाही? दरवर्षी एक तास आत. दहा वर्षांत वाट नकाशावर राहते, जमिनीवर राहत नाही.

पण रुंदी ठरली म्हणजे न्याय झाला असं नाही. तीन मीटर कुणाच्या रानातून, हा प्रश्न उरतोच. इथं गावोगाव एक वाईट रीत दिसते. ज्याची माणसं कमी, ज्याची मुलं पुण्या-मुंबईला, जी बाई विधवा आहे आणि एकटी शेती बघते, तिच्या बांधावरून रस्ता ढकलायचा. दुसऱ्या बाजूचा भाऊबंद तगडा असला तर त्याच्याकडं कुणी टेप घेऊन जात नाही. पंचनाम्यावर सह्या होतात, ‘सर्वानुमते’ लिहिलं जातं. ती बाई त्या सर्वांत असतेच असं नाही. रस्ता बांधावरून काढायचा असेल तर निम्मा या बाजूचा, निम्मा त्या बाजूचा, हाच सरळ हिशोब आहे. मघाच्या शंभर मीटरमध्ये प्रत्येकाचे दीड-दीड गुंठे जातात आणि दोघांनाही रस्ता मिळतो.

आणि जिथं भूगोलच असा आहे की एकाच्याच रानातून जावं लागतं, तिथं मागच्यांनी रिकाम्या हातानं जाऊ नये. मागं पाच खातेदार असतील तर पाचांनी मिळून त्याच्या गेलेल्या गुंठ्यांचा मोबदला द्यावा, किंवा मुरूम, नळी टाकायचा खर्च पूर्ण उचलावा आणि त्याच्याकडून वर्गणी घेऊ नये. काही जण मागची तेवढीच जमीन बदल्यात देतात. ‘कायद्यानं मिळतोय तर पैसे कशाला?’ असं विचारणारे भेटतात. कायद्यानं रस्ता मिळेल हो. पण त्या रस्त्यावरून रोज जायचंय, रात्री मोटार चालू करायला जायचंय, आणि साप चावला तर पहिली हाक त्याच शेजाऱ्याला मारायचीय.

गावातली तंटामुक्त समिती इथं कामाला येऊ शकते. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली. आर. आर. पाटील तेव्हा गृहमंत्री होते. सुरुवातीच्या वर्षांत कितीतरी गावांनी बांधाचे वाद चावडीवर बसून मिटवले. आज बऱ्याच गावांत ही समिती कमानीवरच्या बोर्डापुरती उरली आहे, किंवा अध्यक्ष कोण यावरूनच तंटा आहे. तरीही ज्या गावात दोन-चार वजनदार आणि पक्षपात न करणारी माणसं आहेत, तिथं तहसीलच्या तारखांपेक्षा लवकर निकाल लागतो. फक्त तडजोड तोंडी ठेवू नका. ती लिहून तहसीलदारांपुढं द्या आणि सातबाऱ्यावर चढवून घ्या. तोंडी समझोता आपल्या पिढीपुरता. पोरांना त्यातलं काही ठाऊक नसतं.

हे करायची वेळ एप्रिल-मे. तेव्हा बहुतेक रान मोकळं असतं, बांध दिसतो, टेप धरता येते, मुरूम वाळका मिळतो आणि टोळी दारात उभी नसल्यामुळं कुणाचं डोकंही तापलेलं नसतं. जूनमध्ये पेर झाली की उभ्या पिकातून रस्ता द्यायला कुणीच तयार होत नाही, आणि पुढचा विषय निघतो तो थेट तोड आल्यावर, बाभळीच्या फांद्या पडल्यावर.