एडिसनमध्ये आपण किती टक्के?

न्यू जर्सीला ऑनसाइट जाऊन आलेल्या कुठल्याही कलीगला एडिसनबद्दल विचारा. उत्तर ठरलेलं असतं. "अरे, इंडियाच आहे तो! ओक ट्री रोडवर पाणीपुरीपासून लग्नाच्या शालूपर्यंत सगळं मिळतं. आणि गोरे? औषधालासुद्धा दिसत नाहीत."

दिसतात हो! पाणीपुरी आणि शालू मान्य, पण गोऱ्यांचा हिशेब जरा नीट मांडायला हवा. अमेरिकेत हा हिशेब दर दहा वर्षांनी चक्क सरकार मांडतं आणि तो वाचायला सॉलिड इंटरेस्टिंग असतो.

आधी जागा समजून घेऊ. एडिसन हे मिडलसेक्स काउंटीतलं उपनगर, न्यू यॉर्कहून ट्रेनने पाऊण-एक तासावर. मूळ नाव रारिटन टाऊनशिप. थॉमस एडिसनची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा इथलीच, १८७९ मध्ये तो फेमस बल्ब पेटला तो इथेच. म्हणून १९५४ मध्ये गावाने त्याचं नाव घेतलं. १९५० मध्ये इथे जेमतेम सोळा हजार माणसं होती, १९७० मध्ये ती ६७ हजार झाली. फोर्डचा मोठा कारखाना होता (१९४८ ते २००४), त्यातले कामगार, न्यू यॉर्कला अप-डाऊन करणारे नोकरदार, छोटी घरं, पुढे हिरवळ. थोडक्यात, टिपिकल गोरं सबर्ब.

आता आकडे. २००० च्या सेन्ससमध्ये लोकसंख्या ९७,६८७. गोरे ५९ टक्क्यांच्या वर, एशियन २९ टक्के, त्यात भारतीय जवळपास १८. २०१० मध्ये लोकसंख्या ९९,९६७. गोरे ४४.१ टक्के, एशियन ४३.२, भारतीय एकटे २८ च्या वर. कृष्णवर्णीय दोन्ही वेळा सात टक्क्यांच्या आसपास. २०२० मध्ये लोकसंख्या १,०७,५८८ आणि एशियन निम्म्याहून जास्त.

टक्के बाजूला ठेवा आणि डोकी मोजा. २००० ते २०१० या दहा वर्षांत गाव वाढलं फक्त २,२८० माणसांनी. पण भारतीय वाढले साधारण अकरा हजार आणि गोरे कमी झाले साधारण चौदा हजार. म्हणजे गाव फुगलं नाही, माणसं बदलली. "आपली वस्ती वाढली" असं आपण म्हणतो तेव्हा कुणीतरी घर विकून, म्हातारं होऊन किंवा कंटाळून निघून गेलेलं असतं, हे त्या वाक्यात येत नाही.

बरं, हे मोजतात कसं? रक्त तपासून नक्कीच नाही. फॉर्मवर तुम्ही ज्या चौकटीत टिक कराल ते तुम्ही! २०२० च्या फॉर्ममध्ये दोन वेगळे प्रश्न होते. पहिला, तुम्ही हिस्पॅनिक आहात का? याला तिथे एथ्निसिटी म्हणतात. दुसरा प्रश्न रेसचा, म्हणजे वंशाचा. व्हाइट, ब्लॅक, अमेरिकन इंडियन... आणि मग चायनीज, फिलिपिनो, कोरियन, व्हिएतनामीज, जपानीज यांच्या शेजारी आपली चौकट, "एशियन इंडियन". भारतात हा शब्द कुणाच्याही तोंडी नाही. पण कोलंबसने घोळ घालून ठेवलाय ना, नुसतं "इंडियन" म्हटलं की तिकडे रेड इंडियन आडवे येतात! मार्च २०२४ मध्ये अमेरिकन सरकारने हे दोन्ही प्रश्न एकत्र करायचा आणि मध्यपूर्व व उत्तर आफ्रिकेच्या लोकांना स्वतंत्र चौकट द्यायचा नियम जाहीर केला.

आपल्या चौकटीची स्टोरी तर भन्नाट आहे. १९२०, १९३० आणि १९४० च्या सेन्ससमध्ये भारतीयांचा वंश काय लिहिला जायचा माहितेय? "हिंदू"! तिथे गेलेले बहुतेक जण पंजाबी शीख होते, काही मुसलमान होते, तरी सगळे हिंदू. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड नावाच्या शीख माणसाची केस तिथल्या सुप्रीम कोर्टात गेली. नागरिकत्व गोऱ्यांना मिळतं आणि वंशशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे आम्हीही कॉकेशियन, असा त्याचा मुद्दा. कोर्ट म्हणालं, पुस्तक काहीही म्हणो, सामान्य माणूस तुम्हाला गोरं समजत नाही. केस खल्लास. आणि गंमत बघा, १९७० च्या सेन्ससमध्ये तेच भारतीय "व्हाइट"मध्ये धरले गेले.

मग सत्तरच्या दशकात "असोसिएशन ऑफ इंडियन्स इन अमेरिका" या संस्थेने पाठपुरावा केला की आम्हाला वेगळं मोजा, अल्पसंख्य म्हणून संरक्षण द्या. याला काही भारतीयांनीच विरोध केला. आपलं छान चाललंय, उगाच सवलत मागून गोऱ्यांच्या डोळ्यावर कशाला यायचं, हा त्यांचा फंडा. (आरक्षणावरच्या आपल्या कँटीनमधल्या चर्चा आठवल्या ना?) शेवटी १९८० मध्ये "एशियन इंडियन" ही चौकट आली. त्यामुळे १९८० च्या आधी एडिसनमध्ये आपण नेमके किती टक्के होतो हा प्रश्नच अवघड. चौकटच नव्हती, तर टक्का कुठून येणार?

ती भरली कशी, हे सरळ आहे. १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने डॉक्टर-इंजिनीअरांना दार उघडलं. आधी क्वीन्स, जर्सी सिटी. १९८७ मध्ये जर्सी सिटीत "डॉटबस्टर्स" नावाची टोळी कुंकू-टिकली लावणाऱ्यांना टार्गेट करू लागली, भारतीयांवर हल्ले झाले. उपनगरांत मोकळी घरं होती, शाळा बऱ्या होत्या, स्टेशन जवळ होतं. ओक ट्री रोडवरचे मरगळलेले गाळे गुजराती दुकानदारांनी घेतले. मग वायटूके आला, एच-वन-बी आला आणि पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे.

जुन्या रहिवाशांना हे गोड वाटलं असेल, असं समजू नका. नव्वदच्या दशकात नवरात्रीचा गरबा किती वाजता बंद करायचा यावरून टाऊनशिप आणि आयोजक कोर्टात गेले. २००५ मध्ये कोरियन वंशाचे जून चोई महापौरपदाला उभे राहिले, तेव्हा रेडिओवरच्या निवेदकांनी त्यांच्या वंशाची यथेच्छ टिंगल केली. चोई निवडून आले. २०१० मध्ये एडिसनमध्येच वाढलेल्या जोएल स्टाइन या लेखकाने "टाइम"मध्ये आपलं जुनं गाव भारतीयांनी कसं बदलून टाकलं यावर विनोदी कॉलम लिहिला. विनोद इतका फसला की लेखक आणि साप्ताहिक दोघांनाही दिलगिरी व्यक्त करावी लागली. २०१७ मध्ये शाळा मंडळाच्या निवडणुकीआधी घरोघरी निनावी कार्डं आली. चिनी आणि भारतीय गाव बळकावताहेत, दोन उमेदवारांना देशाबाहेर हाकला, असा मजकूर. त्यातल्या तक्रारींच्या यादीत चक्क क्रिकेटची मैदानं होती! दोन्ही उमेदवार, एक चिनी वंशाचा आणि एक भारतीय, निवडून आले. जानेवारी २०२२ पासून सॅम जोशी हे भारतीय वंशाचे पहिले महापौर तिथे खुर्चीत बसले.

हे वाचताना आपली छाती थोडी फुगते, नाही का? पण बॉस, एक प्रयोग करा. त्या निनावी कार्डावरचं "एडिसन" खोडून आपल्या उपनगराचं नाव घाला, "भारतीय" खोडून परप्रांतीय घाला आणि आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. किती अंगठे येतील? मला तरी अंदाज आहे. आपली मुलं तिकडे टक्का वाढवतात ती कर्तबगारी आणि दुसऱ्याची मुलं इकडे येतात ती घुसखोरी, हे गणित मला कधीच जमलेलं नाही.

आणि ती एक चौकट आतून एकसंध आहे, असंही नाही. तिच्यात गुजराती आहेत, तेलुगू आहेत, पंजाबी, तमिळ. हिंदू, मुसलमान, ख्रिश्चन, शीख. ऑगस्ट २०२२ मध्ये एडिसनच्या इंडिया डे परेडमध्ये मोदी आणि योगी आदित्यनाथ यांची चित्रं लावलेला बुलडोझर फिरला. तिथल्या भारतीय मुसलमानांना त्याचा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आयोजकांना माफी मागावी लागली. सेन्ससच्या लेखी बुलडोझर काढणारे आणि त्याने दुखावलेले, दोघेही एशियन इंडियनच.

जात तर तिथला फॉर्म विचारतच नाही. आपल्याकडे १९३१ नंतर पहिल्यांदा सगळ्यांची जात मोजायची, असा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ ला जाहीर केला, तेव्हा कुठली चौकट आणि कुणाची, हा प्रश्न आता आपल्याही दारात आलाय.

मग एडिसनमध्ये मराठी किती? रेसच्या प्रश्नात आपण कुठेच नाही. घरी कुठली भाषा बोलता, हे अमेरिकेचा दरवर्षीचा वेगळा सर्व्हे विचारतो. त्याच्या भाषावार तक्त्यात हिंदी, गुजराती, तेलुगू, तमिळ, बंगाली यांना आपापली स्वतंत्र ओळ आहे. मराठीचा रकाना असा आहे: "नेपाळी, मराठी किंवा इतर भारतीय भाषा". न्यू जर्सीत "मराठी विश्व"सारखं जुनं मंडळ आहे, गणपती दणक्यात होतो, २०२२ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन अटलांटिक सिटीत भरलं, पण तक्त्यात आपण नेपाळींच्या सोबत!

त्या सर्व्हेत भाषेच्या प्रश्नाला चौकटी नसतात. आधी विचारतात, घरी इंग्लिशशिवाय दुसरी भाषा बोलता का? "हो" म्हटलं तर पुढे मोकळी जागा, त्यात भाषेचं नाव लिहायचं. "नाही" म्हटलं, की ती जागा तशीच रिकामी ठेवून पुढच्या प्रश्नावर जायचं.