आडनावाचा प्रश्न मुलीलाच का?

परवा नातीच्या लग्नाची बैठक झाली. मी दौंडची मुलगी, शिरूरला दिलेली. नात आता शिरूरहून दौंडला चालली आहे. मानपान, कार्यालय, जेवण सगळं सुरळीत ठरलं. निघताना मुलाची आई म्हणाली, "आडनाव बदलायचं की नाही ते तिचं तिनं ठरवावं. आमची काही सक्ती नाही." माणसं खरंच चांगली आहेत. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली.

रात्री मात्र झोप लागेना. हा प्रश्न मुलाला कुणी विचारला का? तो तर आरामात चहा पीत बसला होता! दोघांपैकी एकालाच विचारायचं आणि त्याला 'निवड' म्हणायचं, हे मला काही पटत नाही.

आपल्याकडे नुसतं आडनाव बदलत नाही. वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं. १९७४ साली माझ्या लग्नात तर ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहून माझं पाळण्यातलं नावही बदललं. बी. ए.च्या प्रमाणपत्रावर एक बाई, शाळेच्या मस्टरवर दुसरी. दोघी एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागलं.

पुढे दौंडला आमच्या शाळेचा मेळावा झाला. जुन्या हजेरीपटावरून नावं वाचली. माझं नाव आलं आणि मी हात वर केलाच नाही. शेजारची मैत्रीण कोपरानं ढोसून म्हणाली, "अगं, तुझंच नाव!" आयुष्यभर मुलांची हजेरी घेतली आणि स्वतःच्याच हजेरीला मी गैरहजर. सगळे हसले, मीही हसले. पण ते अजून बोचतं.

आमच्या शिरूरहून न्हावरेमार्गे चौफुल्याला गेलं की जवळच केडगाव आहे, दौंड तालुक्यातलं. तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. डोंगरे हे त्यांचं माहेरचं आडनाव, मेधावी हे सासरचं. पण जग त्यांना ओळखतं ते विद्वत्तेनं मिळालेल्या 'पंडिता' या पदवीनं. त्यांच्याच शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंनी १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. केवढं धाडस ते! पण त्या लग्नातही गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. सुधारणा झाली तरी नाव बदललं ते बाईचंच.

नातेवाईक म्हणतील, "घराला एक आडनाव हवं." अहो, बांधावरून कोर्टात भांडणाऱ्या सख्ख्या भावांचं आडनाव एकच असतं की! आडनावानं घर एकत्र राहत असतं तर अर्धे दिवाणी दावे निकालात निघाले असते.

दुसरे म्हणतील, "माहेरचं आडनाव तरी बापाचंच ना?" बापाचंच. मुलगाही बापाचंच लावतो, पण ते त्याला कुणी उसनं म्हणत नाही. मग मुलीचंच उसनं कसं?

तिसरे कायद्याकडे बोट दाखवतील. नवऱ्याचं आडनाव लावलंच पाहिजे असं आपला कायदा सांगत नाही. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारनं ठरवलं की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं, मग वडिलांचं नाव येईल. आनंद झाला. पण त्याच निर्णयात विवाहितेसाठी मात्र स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव ही जुनीच पद्धत पुढे चालू ठेवली. म्हणजे मुलाच्या नावात बाईला जागा मिळाली, तिच्या स्वतःच्या नावात वडील काही परत आले नाहीत.

मी नातीला सांगितलं, "बाळा, बदलू नकोस. बावीस वर्षं ज्या नावानं शिकलीस, ते कमावलेलं आहे. तरीही बदलावंसं वाटलं तर खुशाल बदल, मी रुसणार नाही. पण आधी हाच प्रश्न त्याला विचार आणि त्याचं उत्तर नीट ऐक. उभा जन्म त्याच्याबरोबर काढायचा आहे."

तिनं विचारलं म्हणे. तो आधी हसला आणि मग बराच वेळ गप्प बसला. मला तो मुलगा आवडला.

आता नातलगांना एवढंच सांगणं, लग्नात तिला "नवीन नाव काय ठेवलं?" असं विचारू नका. विचारायचंच असेल, तर दोघांनाही विचारा.