गांजाच्या रोपांमागचा पैसा
धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, इतर पिकांच्या आड वाढविलेला गांजा पोलिसांनी नष्ट केल्याचे वृत्त वारंवार येते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार ही लागवड, शेतात असो वा घरातील कुंडीत, गुन्हाच आहे. शिक्षा १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी व १ लाख रुपयांपर्यंत दंड. (त्याच झाडाची नुसती पाने, म्हणजे भांग, मात्र गांजाच्या व्याख्येत बसत नाहीत!) आम्हांस चिंता वाटते ती रोपांमागील पैशाची. कोरडवाहू शेतकऱ्यास रोख उचलीचा मोह पडतो आणि बहुधा सापडतो तोच. वास्तविक लागवडीस पैसा पुरविणाऱ्यास कलम २७-अ खाली किमान १० व कमाल २० वर्षे सक्तमजुरी आहे. पुढच्या छाप्यानंतर हे कलम कोणावर लागले, एवढे तरी आपण विचारावे.