शेवटची पायरी

दिवाळीच्या अंकात या पानावर आकाशकंदील, उटणे, नाही तर बिघडलेल्या चकल्या यांविषयी लिहावे असा रिवाज आहे, आणि तो मी आजवर इमानाने पाळत आलो. यंदा मात्र जिन्याविषयी लिहिणार आहे. फराळाची ताटे सांभाळत आपण ज्याच्यावरून दिवसातून दहा वेळा जातो आणि ज्याच्याकडे एकदाही पाहत नाही, तो जिना. मीही कधी पाहिले नव्हते. गेल्या नवरात्रात आमचे अण्णा त्यावर पडले, तेव्हापासून पाहू लागलो.

आमची डोंबिवलीची इमारत १९८३ सालची. तळमजला अधिक तीन मजले, लिफ्ट नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. अण्णांचे वय एक्याऐंशी, पण सकाळचे दूध आणि वर्तमानपत्र आणण्याचा हक्क त्यांनी कुणाला दिला नव्हता. त्या दिवशी अगदी तळाशी, शेवटची पायरी उतरताना त्यांचा तोल गेला आणि उजवे मनगट मोडले. हाताला प्लॅस्टर घालून घरी आणले, तेव्हा समाचाराला आलेल्या प्रत्येकाने एकच निदान केले : वय झाले. मीही म्हणालो, "अण्णा, आता पुरे. दूध मी आणीन."

अण्णा नुसते प्लॅस्टरकडे पाहत राहिले. रात्री जेवताना म्हणाले, "अरे, जमीन लवकर आली. असं कसं होईल?"

मी आणि ही, दोघांनी एकमेकांकडे पाहिले. म्हाताऱ्या माणसाचे बोलणे म्हणून तो विषय आम्ही तिथेच संपवला.

पंधरा दिवसांनी दुसऱ्या मजल्यावरची कॉलेजात जाणारी मुलगी नेमकी त्याच जागी अडखळली. तिचे काही वय झालेले नव्हते. तेव्हा कुठे मी घरातली मोजपट्टी घेऊन खाली गेलो.

आमच्या जिन्याच्या एका मजल्याला अठरा पायऱ्या. प्रत्येकीचा चढ, म्हणजे उंची, सात इंच. आणि पाऊल, म्हणजे पाय ठेवायची रुंदी, दहा इंच. फ्रँस्वा ब्लोंदेल नावाच्या एका फ्रेंच वास्तुकाराने सतराव्या शतकात नियम सांगितला, की चढाची दुप्पट अधिक पाऊल ही बेरीज चोवीस इंच भरावी, कारण सपाटीवर माणसाची एक टांग साधारण तेवढी पडते. त्याचा फ्रेंच इंच आपल्या इंचाहून किंचित मोठा होता, एवढेच. आजही जिन्याचे गणित याच वळणाचे आहे. आपली राष्ट्रीय इमारत संहिता राहत्या घराच्या जिन्याला १९० मिलिमीटरहून जास्त चढ आणि २५० मिलिमीटरहून कमी पाऊल चालू देत नाही. आमचा जिना या हिशेबात चोख बसला, सतरा पायऱ्यांपर्यंत. अठरावीचा चढ भरला साडेपाच इंच.

मोजपट्टी हातात आली की माणसाला वेड लागते. पुढचा महिनाभर मी जाईन तिथले जिने मोजत सुटलो. ज्या गिरगावच्या चाळीत माझे बालपण गेले, तिचा लाकडी जिना अजून उभा आहे. सरळसोट, मध्ये कुठे थांबा नाही, नऊ इंच चढ आणि जेमतेम आठ इंच पाऊल. आधाराला वरून सोडलेला दोर. आम्ही पोरे त्यावरून अंधारात धावत उतरत असू. पुण्याला एका नातेवाइकांच्या वाड्यात भिंतीच्या जाडीतच बसवलेला जिना आहे, एका वेळी एकच माणूस जाईल असा, आणि वरच्या तोंडाशी झडप. मुंबईत जुन्या इमारतींच्या मागच्या अंगाला लोखंडी गोल जिने दिसतात. त्यांत पायरी बाहेरून रुंद आणि आत खांबाशी निमुळती, म्हणून बाहेरच्या कडेने चालावे लागते. पाहायला मोठे सुरेख. पण संडास साफ करणाऱ्याने पुढच्या जिन्याने येऊ नये, यासाठी ते बांधलेले असत, हे कळल्यापासून मला त्यांचे कौतुक करवत नाही. आमचा जिना आजकाल सर्वत्र दिसतो तो : नऊ पायऱ्या चढा, थांब्यावर वळा आणि उलट दिशेने उरलेल्या नऊ चढा. इंजिनियर लोक याला कुत्र्याच्या पायाचे नाव देऊन डॉगलेग म्हणतात. जागा कमी खातो आणि पडलेला माणूस थांब्यावर अडतो, म्हणून बिल्डरांचा लाडका.

पण चाळीचा तो उभा कडा आम्हांला कधी दगा देत नसे, कारण नऊ तर नऊ, साऱ्या पायऱ्या नऊच्या. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांतच पाय माप घेतो आणि पुढे डोळ्यांना विचारत नाही. मग त्यात एखादी वेगळी निघाली की संपले. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या ३६ व्या रस्त्यावर भुयारी रेल्वेचे स्थानक आहे. तिथल्या जिन्याची एक पायरी इतरांहून इंचाच्या काही अंशाने उंच होती. २०१२ साली डीन पीटरसन या चित्रपटकाराने कॅमेरा लावला, तर माणसामागून माणूस त्याच पायरीवर ठेचकाळताना दिसले, तरणीताठीसुद्धा. चित्रफीत गाजल्यावर ती पायरी दुरुस्त झाली.

आमचा दीड इंच गेला कुठे? तर नवरात्राच्या आधी सोसायटीने तळमजल्यावर नव्या चकचकीत फरशा बसवल्या. जुनी मोझेक उखडण्याचा खर्च नको, म्हणून तिच्यावरच मसाला पसरून. जमीन वर आली, जिना होता तिथेच राहिला. त्या ठरावावर चिटणीस म्हणून सही माझी होती. खर्च वाचवण्याची सूचनाही माझीच.

अण्णांना हे सांगायला मला दोन दिवस लागले. त्यांनी मोजपट्टीवरचा आकडा दोनदा विचारून घेतला. मग म्हणाले, "म्हणजे मी बरोबर उतरत होतो." माझ्या सहीबद्दल चकार शब्द काढला नाही. काढला असता तर बरे झाले असते.

सभेत अपेक्षेप्रमाणे वादावादी झाली. "नव्या फरशा फोडायच्या? एका पायरीसाठी?" पहिल्या मजल्यावरच्या गृहस्थांनी पायरीवर पिवळा पट्टा मारण्याची तोड काढली. शेवटी त्या मुलीच्या आईने आवाज चढवला, तेव्हा ठराव झाला. मिस्त्रीने पायथ्याची चार फूट फरशी काढून पूर्वीच्या पातळीपर्यंत हलका उतार दिला. मी मोजून पाहिले : सात इंच.

अण्णा आता पुन्हा दूध आणतात. सतरा पायऱ्या पूर्वीसारख्याच सरसर उतरतात. अठरावीपाशी थांबतात, डाव्या हाताने कठडा धरतात आणि चपलेच्या टोकाने जमीन चाचपून पाहतात. दुरुस्ती झाल्याचे मी त्यांना अनेकदा सांगितले आहे. "माहीत आहे रे," असे म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाचपतात.